सेवा-गुणवत्ता, संगणक जालांतील

एकाच वाहिनीवरून जाणाऱ्या निरनिराळ्या प्रकारच्या संदेशांना त्यांच्या गरजेनुसार वेगवेगळी वागणूक देण्याची व्यवस्था. संगणक जालात माहिती अखंड प्रवाहाच्या रूपात जात नाही; तिचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावर पत्ता घालून ते पाठविले जातात. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेतील प्रत्येक उपकरणात पॅकेटांना रांगेत उभे राहावे लागते. कोणत्या पॅकेटाला पुढे घ्यायचे, कोणाला थांबवायचे आणि रांग भरल्यावर कोणाला टाकून द्यायचे यांसंबंधीच्या नियमांच्या संचाला सेवा-गुणवत्ता धोरण असे म्हणतात. धोरणाचे फलित चार राशींनी मोजतात : वहनाचा वेग, विलंब, विलंबातील चढउतार आणि वाटेत नष्ट झालेल्या पॅकेटांचे प्रमाण.

सर्व संदेशांच्या गरजा सारख्या नसतात, यात या विषयाचे मूळ आहे. दूरध्वनीवरील आवाजाचे अंकीय रूपांतर नेहमीच्या पद्धतीने केल्यास सेकंदाला ६४ किलोबिट माहिती निर्माण होते. तिचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडले, तर सेकंदाला ५० पॅकेटे होतात व प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट असतात. ही मागणी अगदी अल्प आहे. परंतु ती वेळेवर पुरी व्हावी लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात. विलंब त्याहून बराच वाढला की, दोघेही एकदम बोलू लागतात व दोघेही एकदम थांबतात. याउलट, मोठी फाइल उतरवून घेताना एखादे पॅकेट अर्धा सेकंद उशिरा आले, तरी कोणाचे काही अडत नाही. पण ती फाइल मिळेल तेवढी सर्व वहनक्षमता व्यापू पाहते. १,५०० बाइटांचे एक पॅकेट सेकंदाला १२८ किलोबिट वेगाच्या वाहिनीवर चढविण्यास सु. ९४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे फाइलीच्या एकाच पॅकेटामागे अडकलेल्या आवाजाच्या पॅकेटाची निम्म्याहून अधिक मुदत तेथेच संपते. वाहिनीचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट असेल, तर हाच काळ ०·१२ मिलिसेकंद भरतो. यामुळे मुबलक वहनक्षमता हाच सेवा-गुणवत्तेचा सर्वोत्तम उपाय होय, असे म्हणणारा एक पक्ष प्रथमपासून आहे. आणि जेथे ती परवडते तेथे त्याचे म्हणणे खरेही आहे.

रांगेचे गणित : कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनीच्या मागण्यांचा संभाव्यता सिद्धांताने अभ्यास केला. त्यातून रांग सिद्धांताचा उगम झाला. या सिद्धांतातील सर्वांत साध्या प्रतिमानानुसार वाहिनीचा निम्मा वेळ कामात जात असेल, तर पॅकेटाला लागणारा सरासरी वेळ रिकाम्या वाहिनीच्या दुप्पट होतो. ९० टक्के वेळ कामात असेल, तर दहापट व ९९ टक्के असेल, तर शंभरपट होतो. वाहिनी पूर्ण भरण्याच्या किती तरी आधीच विलंब असह्य होतो, हे यावरून दिसून येईल.

लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेला एक नियम येथे विशेष महत्त्वाचा आहे. काम शिल्लक असताना वाहिनी रिकामी बसत नसेल, तर अग्रक्रम कसेही बदलले तरी निरनिराळ्या वर्गांच्या प्रतीक्षाकालांची त्यांच्या भाराने गुणून केलेली बेरीज कायम राहते. एकाचा विलंब कमी केला की, तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी पडतो. सेवा-गुणवत्ता धोरण नवी क्षमता निर्माण करीत नाही. असलेल्या अडचणीचे वाटप तेवढे करते. अग्रक्रमाचा वर्ग लहान असेल, तर इतरांना त्याचा उपद्रव जाणवत नाही. आपले सर्वच काम तातडीचे आहे असे प्रत्येक विभागाने ठरविले, तर धोरण असून नसल्यासारखे होते.

ऐतिहासिक आढावा : १९८१ मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेट संकेतात (आयपी) पॅकेटाच्या शीर्षभागातील दुसरा बाइट सेवेच्या प्रकारासाठी राखून ठेवला होता. त्यातील पहिले तीन बिट अग्रक्रम दर्शवीत व त्यांच्या पायऱ्यांची नावे अमेरिकी सैन्याच्या तारव्यवहारातील वर्गांची आठवण करून देणारी होती. प्रत्यक्षात या बाइटाकडे बहुतेक उपकरणे बरीच वर्षे दुर्लक्ष करीत राहिली. ऑक्टोबर १९८६ मध्ये इंटरनेटवर कोंडीमुळे वहन जवळजवळ ठप्प होण्याचे प्रसंग घडू लागले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील केंद्र यांत सु. ४०० यार्डांचे अंतर असताना त्यांमधील वहनाचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांवर आला. यावरील उपाय व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरेल्स यांनी १९८८ मध्ये मांडला. पॅकेट हरवले म्हणजे वाटेत कोंडी आहे असे समजून पाठविणाऱ्याने स्वतःच वेग कमी करावा, हे त्याचे सूत्र होते. मात्र हा संयम ऐच्छिक असल्याने बेमुर्वत प्रेषकाचा त्यात फायदाच होतो. जॉन नेगल यांनी १९८५ मध्ये प्रत्येक प्रेषकाची रांग वेगळी ठेवून त्यांना पाळीपाळीने सेवा देण्याची कल्पना सुचविली होती. ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव व स्कॉट शेंकर यांनी १९८९ मध्ये तिला न्याय्य रांगेचे काटेकोर रूप दिले. अभय पारेख व रॉबर्ट गॅलागर यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, अशा रांगेला प्रेषकाच्या वेगमर्यादेची जोड दिली, तर विलंबाची कमाल मर्यादा आधीच सांगता येते.

प्रत्येक संभाषणासाठी वाटेतील सर्व उपकरणांत आधीच जागा राखून ठेवण्याची पद्धती १९९४–९७ या काळात तयार झाली. परंतु लक्षावधी संभाषणांची नोंद मधल्या उपकरणांना ठेवावी लागत असल्याने मोठ्या जालांत ती रुजली नाही. डिसेंबर १९९८ मध्ये तिच्या जागी वर्गभेदाची सुटसुटीत पद्धती प्रसिद्ध झाली. तीत जुन्या सेवाप्रकाराच्या बाइटातील सहा बिटांत वर्गांक लिहितात. वाटेतील उपकरण केवळ तो वर्गांक पाहून वागणूक ठरविते. उरलेले दोन बिट पुढे कोंडीची सूचना देण्यासाठी वापरण्यात येऊ लागले. त्याच वर्षी आयईईई या संस्थेने स्थानिक जालांसाठी वेगळे मानक काढले. ईथरनेट चौकटीत चार बाइटांची एक चिठ्ठी घालावी व तिच्यातील तीन बिटांत अग्रक्रम लिहावा, असे ते मानक होते. एकाच प्रश्नावर दोन संस्थांनी दोन पातळ्यांवर शोधलेल्या या दोन उत्तरांचा मेळ घालणे, हीच पुढील काळातील मुख्य अडचण ठरली.

ब्रिज व राउटर : ब्रिज (सेतू) व त्याचे बहुद्वारी रूप असलेला स्विच ही उपकरणे ईथरनेट चौकटीवरील यंत्रपत्ता पाहून ती योग्य द्वारातून जशीच्या तशी पुढे सोडतात. आतील आयपी पॅकेट वाचण्याचे त्यांना कारण नसते. अशा जोडणीने झालेले जाल वापरणाऱ्याला एकसंध भासते. राउटर (मार्गनिर्धारक) मात्र आलेली चौकट फोडतो, आतील पॅकेटाचा आयपी पत्ता वाचून मार्ग ठरवितो व पॅकेटाभोवती नवी चौकट रचून ते पुढच्या जालात पाठवितो. टपालाच्या थैल्यांवरून हा फरक समजेल. ब्रिज थैलीवरची चिठ्ठी वाचून थैली पुढच्या गाडीत टाकतो; राउटर थैली उघडून पत्रे नव्या थैलीत भरतो. साहजिकच जुन्या थैलीवर ‘तातडीचे’ असा शिक्का असेल, तर तो तेथेच संपतो.

चौकटीच्या चिठ्ठीतील तीन बिट राउटरपाशी गळून पडतात. पॅकेटातील सहा बिटांचा वर्गांक मात्र राउटर ओलांडूनही टिकतो. ज्या द्वारावर चिठ्ठीविना चौकटी पाठविल्या जातात, तेथे तर राउटर नसतानाही अग्रक्रम नाहीसा होतो. म्हणून दोन्ही प्रकारच्या जालांतून जाणाऱ्या वाहतुकीसाठी सीमेवर एका खुणेवरून दुसरी खूण लिहिण्याचे कोष्टक ठेवावे लागते. सहा बिटांत ६४ मूल्ये व तीन बिटांत केवळ आठ मूल्ये मावत असल्याने या रूपांतरात काही भेद पुसले जातातच.

सहा बिटांपैकी पहिले तीन घ्यायचे, हे रूपांतर वरकरणी सयुक्तिक वाटते व अनेक उपकरणे ते आपोआप करतात. त्यातून उद्भवणारा दोष लक्षात घेण्याजोगा आहे. आवाजासाठी ठरलेला त्वरित-वहनाचा वर्गांक ४६ आहे. द्विमान पद्धतीत तो १०१११० असा लिहितात व त्याचे पहिले तीन बिट ५ ही संख्या देतात. १९९८ च्या आयईईई मानकात आवाजासाठी ६ व चित्रासाठी ५ ही मूल्ये सुचविली होती. २००५ च्या मानकात ती अनुक्रमे ५ व ४ अशी झाली. बिनतारी स्थानिक जालाच्या मानकाने मात्र जुनी मांडणी स्वीकारली होती आणि ती तशीच राहिली. बिनतारी जालाचे प्रवेशकेंद्र हा मूलतः एक ब्रिजच असतो. त्यामुळे तारेच्या जालातून आवाज म्हणून आलेले पॅकेट बिनतारी भागात शिरताना मुकाट्याने चित्राच्या रांगेत जाऊन बसते. कोठेही बिघाडाची नोंद होत नाही. फक्त गर्दीच्या वेळी आवाज तुटू लागतो. हे टाळण्यासाठी ४६ या वर्गांकाला बिनतारी भागात ६ हे मूल्य द्यावे, असे इंटरनेटच्या मानकांचे काम पाहणाऱ्या मंडळाने २०१८ मध्ये सुचविले. आणखी एक विसंगती अशी की, चौकटीतील १ हे मूल्य ० पेक्षा खालचे आहे. संख्येचा क्रम हाच अग्रक्रम समजणारा नवशिका व्यवस्थापक येथे हमखास फसतो.

धोरणाचे घटक : कोणत्याही धोरणात प्रथम वर्गीकरण करतात. पत्ता, द्वारक्रमांक, चिठ्ठी किंवा वर्गांक यांवरून पॅकेट कोणत्या वर्गातील ते ठरवितात. त्यानंतर त्यावर खूण करतात, वेगाची मर्यादा लावतात व शेवटी रांगांतून निवड करतात. वेगमर्यादेसाठी टोकनांच्या बादलीची कल्पना वापरतात. बादलीत ठराविक वेगाने टोकने पडत असतात व प्रत्येक बाइटाला बाहेर पडण्यासाठी एक टोकन लागते. टोकनांचा वेग ग व बादलीचे माप स असेल, तर त एवढ्या काळात जास्तीत जास्त (ग × त) + स इतके बाइट बाहेर पडू शकतात. टोकन नसलेली पॅकेटे टाकून दिली, तर त्या क्रियेला छाटणी व थांबवून ठेवली, तर वेगनियमन म्हणतात. छाटणीला स्मृती लागत नाही. परंतु ती खडबडीत असते. वेगनियमन सौम्य असते. पण विलंब वाढविते.

ही मोजणी कोणत्या पातळीवर करायची हेही निश्चित असावे लागते. वर उल्लेखिलेल्या आवाजाच्या १६० बाइटांवर आयपी व त्यावरील संकेतांचे ४० बाइट चढतात. म्हणून राउटरच्या हिशेबी एका दिशेचे संभाषण सेकंदाला ८० किलोबिट असते. ईथरनेट चौकटीचे १८ बाइट धरले, तर ते ८७·२ किलोबिट होते. तारेवर दोन चौकटींमध्ये सोडावी लागणारी जागा व प्रारंभीचे संकेत यांचे २० बाइट धरले, तर ९५·२ किलोबिट होते. शंभर संभाषणांसाठी आयपी पातळीवर ८ मेगाबिट राखून ठेवणाऱ्याला ईथरनेट वाहिनीवर साडेनऊ मेगाबिटांहून अधिक जागा लागते. मोठ्या पॅकेटांच्या बाबतीत हा फरक नगण्य असल्याने फाइली पाठवून घेतलेल्या चाचणीत तो उघड होत नाही.

धोरण लावण्याची जागा : रांग फक्त अरुंद जागी साचते, म्हणून धोरणही तेथेच लावावे लागते. इतरत्र लावलेले धोरण चूक नसते, निरुपयोगी असते. समजा, एखाद्या संस्थेच्या इमारतीत सेकंदाला १,००० मेगाबिट वेगाचे सेतुबद्ध जाल आहे व बाहेरची वाहिनी २० मेगाबिटांची आहे. खरी रांग सेवा पुरविणाऱ्याच्या मोडेममध्ये साचेल आणि तेथे संस्थेचा अधिकार चालणार नाही. म्हणून संस्थेच्या राउटरने बाहेर जाणाऱ्या वाहतुकीचा वेग २० मेगाबिटांहून किंचित कमी ठेवावा. त्यामुळे रांग स्वतःच्या उपकरणात येते व तिची व्यवस्था लावता येते. थोडी क्षमता सोडून देऊन ताबा मिळविण्याचा हा व्यवहार आहे. बाहेरून आत येणाऱ्या वाहतुकीची रांग मात्र पलीकडच्या टोकाला असते. ती आत घेताना मुद्दाम मंद केली, तर दूरचा प्रेषक आपला वेग कमी करील, या भरवशावरच ते नियमन चालते. संयम न पाळणाऱ्या प्रेषकापुढे ते हतबल ठरते.

आत येणाऱ्या वाहतुकीचे हे नियमन जालाच्या आतील द्वारावर लावताना सेतुबद्ध व मार्गनियोजित वाहतुकीतील फरक अचानक पुढे येतो. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या उपकरणात अनेक भौतिक द्वारे मिळून एक कल्पित ब्रिज-द्वार बनवितात. राउटरकडून आलेले पॅकेट आधी या कल्पित द्वारातून व मग भौतिक द्वारातून बाहेर पडते. एका भौतिक द्वाराकडून दुसऱ्याकडे सरळ जाणारी चौकट कल्पित द्वाराला स्पर्शही करीत नाही. त्यामुळे २० मेगाबिटांची मर्यादा कल्पित द्वारावर लावली, तर ती केवळ बाहेरून येणाऱ्या वाहतुकीला लागू होते. तीच भौतिक द्वारावर लावली, तर शेजारच्या खोलीतील संगणकावरून घेतलेली फाइलही २० मेगाबिटांतच रखडते. इंटरनेट सुधारले पण कचेरीतले जाल मंदावले, ही तक्रार पुष्कळदा येथून उद्भवते. उलट, सेतुबद्ध वाहतुकीवरच नियंत्रण हवे असेल, तर आयपी पातळीवर लिहिलेले गाळणीचे नियम तिला दिसतच नाहीत. त्यासाठी चौकटींच्या पातळीवरचे वेगळे नियम लिहावे लागतात किंवा सेतुबद्ध चौकटी आयपीच्या गाळणीतून वळवून घेण्याची सोय सुरू करावी लागते. ही सोय प्रक्रियकाचा भार वाढविते. ज्या उपकरणांत चौकटी स्विचच्या चकतीतच परस्पर वळविल्या जातात, तेथे त्या मुख्य प्रक्रियकापर्यंत पोहोचत नाहीत व त्यावरचे धोरण कितीही चोख असले, तरी कागदावरच राहते.

पत्ता-रूपांतर करणाऱ्या राउटरमध्ये आणखी एक दक्षता घ्यावी लागते. बाहेरच्या द्वारापाशी पोहोचेपर्यंत आतील संगणकाचा मूळ पत्ता बदललेला असतो. म्हणून वर्गीकरण त्यापूर्वी करून पॅकेटावर अंतर्गत खूण ठेवतात. ही खूण उपकरणाच्या स्मृतीतच असते, तारेवर जात नाही. पुढच्या उपकरणाला ती कळावी असे वाटत असेल, तर वर्गांक लिहावाच लागतो.

सेतुबद्ध जालात आयपीखेरीज इतरही चौकटी फिरत असतात. आयपी पत्त्यावरून यंत्रपत्ता विचारणाऱ्या चौकटींना किंवा ब्रिजमध्ये वेटोळे होऊ नये म्हणून ब्रिज एकमेकांना पाठवितात त्या निरोपांना सहा बिटांचा वर्गांक असतच नाही. (वेटोळे टाळण्याची ही रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली.) केवळ आयपीचा विचार करून रचलेल्या धोरणात या चौकटी ‘इतर’ म्हणून सर्वांत मागच्या रांगेत पडतात. मग कोंडीच्या वेळी पत्त्याची चौकशीच अडून राहते आणि पहिल्या क्रमांकाच्या आवाजालाही वाट सापडत नाही. ब्रिजचे निरोप हरवले, तर याहून गंभीर प्रसंग ओढवतो : बंद केलेली वाट उघडते, वेटोळे तयार होते व चौकटी त्यात अविरत फिरून सर्व जाल बंद पाडतात. आयईईई मानकात ७ हे सर्वोच्च मूल्य आवाजाला न देता जालाच्या नियंत्रणासाठी राखून ठेवले आहे, याचे कारण हेच होय.

वर्गांकावर कितपत विश्वास ठेवावा हा प्रश्नही व्यवहारात महत्त्वाचा असतो. कोणताही संगणक आपल्या पॅकेटावर हवा तो वर्गांक लिहू शकतो. म्हणून विश्वासाची सीमा शक्यतो वापरणाऱ्याच्या जवळच्या स्विचपाशी आखतात; तिच्याबाहेरून आलेल्या खुणा पुसून नव्याने लिहितात. दोन स्वतंत्र संस्थांच्या जालांमध्ये तर परस्परांच्या खुणा मानण्याचे बंधन नसते. त्यामुळे सार्वजनिक इंटरनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत गुणवत्तेची हमी देणे अद्याप साधलेले नाही.

रांगेची लांबी : स्मृती स्वस्त झाल्यावर उपकरणांत मोठमोठ्या रांगा ठेवण्याची प्रथा पडली. पॅकेट न टाकणे म्हणजे चांगली सेवा, ही समजूत त्यामागे होती. २५६ किलोबाइटांची भरलेली रांग सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या वाहिनीवर रिकामी होण्यास दोन सेकंदांहून अधिक काळ लागतो. पॅकेट हरवत नसल्याने प्रेषकाला कोंडीची वार्ता मिळत नाही व रांग भरलेलीच राहते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत रांगेची लांबी न मोजता पॅकेट रांगेत किती काळ थांबले ते मोजतात व तो काळ सातत्याने ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर काही पॅकेटे टाकून देतात. न्याय्य रांगेशी तिची सांगड घातलेली पद्धती २०१८ मध्ये लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली. घरगुती व लहान कचेऱ्यांच्या राउटरमध्ये वर्गीकरणाच्या लांबलचक याद्या न करताही तिने बहुतेक काम भागते. ब्रिज असो वा राउटर, बाहेर पडणाऱ्या भौतिक द्वारावर ती सारखीच लावता येते.

कायदेशीर बाजू : खासगी जालात कोणाला पुढे घ्यावे हे मालकाने ठरवावे, यात वाद नाही. सार्वजनिक सेवा पुरविणाऱ्याने हेच केले, तर पैसे देणाऱ्याचा आशय वेगाने व इतरांचा सावकाश जाण्याचा धोका निर्माण होतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये आशयानुसार वेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आशयानुसार भेदभावाच्या वागणुकीविरुद्ध शिफारशी केल्या. त्या दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये मान्य केल्या. वाजवी वाहतूक-व्यवस्थापन व विशेष सेवा यांना त्यांत अपवाद ठेवला आहे. कोंडीच्या काळापुरते व प्रमाणशीर व्यवस्थापन कोणते आणि भेदभाव कोणता, हे ठरविण्यासाठी वर वर्णन केलेले रांगांचे व्यवहार तपासावे लागतात; केवळ दरपत्रक पाहून ते कळत नाही.

नियंत्रित विलंबाची जाले : कारखान्यातील यंत्रे, वाहने व ध्वनिचित्र-निर्मिती यांना सरासरी विलंब कमी असून भागत नाही, कमाल विलंबाची निश्चित मर्यादा लागते. यासाठी आयईईईच्या एका गटाने २०१२ पासून काल-संवेदी जालांची मानके विकसित केली. त्यांत जालातील सर्व ब्रिजची घड्याळे जुळवून प्रत्येक रांगेचे दार ठराविक क्षणी उघडतात व मिटतात. ही व्यवस्था सेतुबद्ध जालापुरती असल्याने तिचा राउटरांपलीकडे विस्तार करण्यासाठी इंटरनेटच्या मानक मंडळात २०१५ मध्ये वेगळा गट स्थापन झाला व त्याची मूळ रचना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत महत्त्वाचे पॅकेट दोन वेगळ्या वाटांनी पाठवून शेवटी जादा प्रत काढून टाकण्याची सोयही आहे. [⟶ रांग सिद्धांत, संगणक जाल].